मंजूर नकाशा ‘आढळून येत नाही’ असं महापालिकेचं उत्तर आलंय. पुढे काय करावं?

गच्ची_ते_तळमजला

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी चार मजल्यांची, बांधकाम १९८६-८७ चं. तेव्हा आमच्या गावात नगरपालिका होती, महापालिका पुढे झाली. मी सध्या सोसायटीची सचिव आहे. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि तळमजल्यावरून गाडं अडलं. रस्त्याच्या बाजूला पाच दुकानं आहेत. ती मूळ मंजूर नकाशात होती, की तिथे खांबांवरची मोकळी पार्किंगची जागा होती आणि बिल्डरने नंतर भिंती घालून ती विकली? हे ठरल्याशिवाय कोणाच्या वाट्याला किती जागा येणार याचा हिशेबच मांडता येत नाही. दुकानदारांकडे नोंदणी झालेले करारनामे आहेत, त्यांनीही पैसे मोजलेत. बिल्डर हयात नाही, त्याचं कार्यालय कधीच बंद झालं.

म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, सगळं रीतसर. मागितलं एवढंच : आमच्या इमारतीचा मंजूर नकाशा, सुधारित नकाशा असल्यास तो, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र. उत्तर आलं :

“सदर प्रकरण जुने असल्याने कार्यालयीन अभिलेखात शोध घेतला असता आढळून येत नाही. सबब माहिती निरंक.”

पहिलं अपील केलं. सुनावणीत माझं नीट ऐकून घेतलं, पण आदेश आला तो असा : “जन माहिती अधिकारी यांनी पुनश्च शोध घ्यावा व अभिलेख आढळल्यास अपीलार्थीस पुरवावा. अपील निकाली काढण्यात येते.” त्यानंतर काहीच नाही. चौकशीला गेले तर तिथल्या एकांनी तोंडी सांगितलं, “मॅडम, वीस वर्षांपलीकडचे कागद ठेवायचं आमच्यावर बंधन नाही.”

हे खरं आहे का? सरकारी कागद किती वर्षं ठेवायचा हे कुठे लिहिलेलं असतं? आणि आता दुसरं अपील करू की नवा अर्ज? आमच्याकडे निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे आहेत. हे लवकर मार्गी लागावं अशी फार इच्छा आहे.

---

सोमवारी_तीन_वाजता

ताई, एक गोष्ट लगेच करण्यासारखी. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने काढलेल्या आदेशानुसार जिल्हास्तरावरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. पुणे महापालिकेत तर ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. कागदाची प्रत मागण्यापेक्षा नोंदवही समोर ठेवून बसलं की पुष्कळ गोष्टी कळतात. आणि कोणी म्हणालं की तुमच्याकडे असा वार नाही, तर माहिती अधिकार अधिनियमाचं कलम २(ञ) आहेच. अभिलेखांची पाहणी करणं हा त्यातलाच हक्क आहे. अर्जात ‘प्रत्यक्ष पाहणी करायची आहे’ एवढं लिहायचं. पहिल्या तासाला फी नसते.

जाताना वही घेऊन जा आणि रजिस्टरची पानं क्रमांकासह उतरवून घ्या.

---

रुमाल_क्रमांक

ताई, मी एका महापालिकेच्या अभिलेख कक्षात काम केलं आणि तिथूनच निवृत्त झालो. ‘आढळून येत नाही’ हे उत्तर मी इतक्या लोकांच्या हातात पाहिलंय की ते वाचलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आधी वीस वर्षांचं. ते साफ चूक आहे, पण ते आलंय कुठून तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला समोरच्याला दाखवता येईल. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ८(३) मध्ये वीस वर्षांचा उल्लेख आहे. तो असा की माहिती वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची असेल, तर कलम ८(१) मधली बहुतेक कारणं दाखवून ती नाकारता येत नाही. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार, मंत्रिमंडळाचे कागद असे दोन-तीन अपवाद सोडले, तर जुनी माहिती अधिक खुली व्हावी यासाठीच ते कलम आहे. म्हणजे तुमच्या बाजूचं कलम तुमच्याविरुद्ध सांगितलं गेलं.

पण दुसरी बाजूही ध्यानात घ्या, नाहीतर दुसऱ्या अपिलात राज्य माहिती आयोगापुढे अडचण होईल. वीस वर्षं कागद ठेवलाच पाहिजे असंही ते कलम म्हणत नाही. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंडोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ ला हे स्पष्ट केलं. तिथे प्रश्न उत्तरपत्रिकांचा होता आणि मंडळाच्या नियमात त्या तीन महिनेच ठेवायच्या होत्या. न्यायालय म्हणालं, जतनाची मुदत ज्या त्या नियमांनी ठरते, माहिती अधिकाराने ती वाढत नाही. नियमाप्रमाणे नष्ट झालेला कागद अर्ज करून परत मिळायचा नाही.

म्हणून सगळं येऊन थांबतं ते एकाच ठिकाणी : तुमच्या महापालिकेत मंजूर नकाशाला कोणता वर्ग दिलाय?

आपल्याकडच्या कार्यालयांत कागदांचे वर्ग असतात. ‘अ’ म्हणजे कायम ठेवायचे. ‘ब’ म्हणजे तीस वर्षं. ‘क’ मध्ये दहा आणि पाच वर्षांचे असे पोटभाग. ‘ड’ म्हणजे वर्षभराने काढून टाकायचे. कोणता कागद कुठल्या वर्गात, याची अनुसूची प्रत्येक कार्यालयाकडे असते, असायलाच हवी. कलम ४(१)(क) मध्ये पहिलंच कर्तव्य ते सांगितलंय : अभिलेख रीतसर सूचीबद्ध करून ठेवा. मी होतो तिथे बांधकाम परवानगीची फाईल आणि मंजूर नकाशा ‘अ’ वर्गात होता, आणि तसाच तो असायला हवा. इमारत उभी आहे तोवर तिच्या नकाशाची गरज संपत नाही.

आता फाईल कशी फिरते ते ऐका. प्रकरण निकाली निघालं की लिपिकाने पानांना क्रमांक घालायचे, वरच्या कोपऱ्यात वर्ग लिहायचा, यादी करायची आणि फाईली अभिलेख कक्षाकडे पाठवायच्या. आम्ही यादीशी ताडून घ्यायचो, सही करायचो, यादीची एक प्रत विभागाला परत. मग त्या फाईली कापडी रुमालात बांधल्या जायच्या. रुमालावर पुठ्ठ्याची पट्टी, पट्टीवर विभाग, वर्ष, रुमाल क्रमांक. कोणाला फाईल हवी असली की मागणीची चिठ्ठी यायची. फाईल बाहेर जायची आणि तिच्या जागी ती चिठ्ठी रुमालात राहायची. फाईल परत आली की चिठ्ठी काढायची. रुमाल सोडल्यावर फाईलीच्या जागी पिवळी पडलेली चिठ्ठी हाती आली की कळायचं, फाईल हरवलेली नाही, कोणाच्या तरी टेबलाखाली आहे. नकाशांच्या बाबतीत तर हे नेहमीचंच. अतिक्रमण विभाग नेतो, विधी विभाग कोर्टाच्या तारखेसाठी नेतो, आणि साहेबांची बदली झाली की कपाटात कुलूपबंद.

हे सगळं लिहिण्याचं कारण हे की कार्यालयात कागदाच्या तीनच अवस्था असू शकतात. तो आहे. किंवा तो नियमाप्रमाणे नष्ट केलाय, आणि तसं असेल तर नष्ट करण्याचा आदेश, यादी आणि नोंदवहीतली नोंद आहे. किंवा तो गहाळ झालाय, आणि मग त्याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित करावी लागते. ‘आढळून येत नाही’ या उत्तरात यातलं काहीच सांगितलेलं नाही. तुमच्या जन माहिती अधिकाऱ्याने कुठल्या नोंदवह्या पाहिल्या, कोणत्या तारखांना पाहिल्या, अभिलेख कक्षाला लेखी विचारलं का, यातलं एक अक्षर नाही. पहिल्या अपिलात हेच विचारायला हवं होतं त्या अधिकाऱ्यांनी.

दिल्ली उच्च न्यायालयाने भारत सरकार विरुद्ध विश्वास भांबुरकर या प्रकरणात १३ सप्टेंबर २०१३ ला याविषयी फार स्पष्ट लिहिलंय. एके काळी कार्यालयात असलेली माहिती आज सापडत नाही एवढं म्हणून सुटता येणार नाही, कसून शोध घेतला पाहिजे, आणि तरीही मिळाली नाही तर जबाबदारी निश्चित झाली पाहिजे, आणि आयोग तशी चौकशी करायला सांगू शकतो. हा निकाल अपिलाला जोडा.

शिवाय आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे ठरलेल्या रीतीशिवाय सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येत नाही, आणि कलम ९ मध्ये त्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मी हे कोणाला धमकावायला सांगत नाही. कनिष्ठ लिपिकाच्या गळ्याला फास लागावा असं मला कधीच वाटलं नाही. पण या कायद्याचा उल्लेख अर्जात आला की बंद कपाटं उघडतात, हे मी खुर्चीवर बसून पाहिलेलं आहे.

मुदतीचं मात्र आजच्या आज बघा. पहिल्या अपिलाचा आदेश मिळाल्यापासून नव्वद दिवसांत दुसरं अपील दाखल व्हायला हवं. जोडपत्र ‘क’, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आणि ते कलम १९(३) खालीच करा. काही जण नुसती कलम १८ ची तक्रार करतात. २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात सांगितलंय की कलम १८ मध्ये आयोग दंड करू शकतो, पण माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही. तुम्हाला दंडापेक्षा नकाशा हवा आहे.

---

नोकरीत_आहे

मी एका महापालिकेत बांधकाम परवानगीकडेच आहे, म्हणून नाव-गाव लिहीत नाही. वरच्या काकांचं सगळं मान्य. फक्त आमच्याकडून शोध का फसतो हे मनापासून सांगतो, त्याचा ताईंना उपयोग होईल.

अर्जात तुम्ही सोसायटीचं नाव घातलं असेल. पण परवानगी निघाली तेव्हा सोसायटी जन्मालाच आलेली नव्हती! आमच्याकडची १९८६ ची नोंद मूळ जमीनमालकाच्या नावाने असते, किंवा त्याच्या कुलमुखत्याराच्या, आणि पुढे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. नगररचना योजनेतली जागा असेल तर अंतिम भूखंड क्रमांक. आजच्या सिटी सर्व्हे नंबरावरून तेव्हाची नोंद सापडतच नाही. माणूस प्रामाणिकपणे शोधतो आणि प्रामाणिकपणे ‘आढळत नाही’ लिहितो.

म्हणून घरातला सगळ्यात जुना मूळ करारनामा काढा, बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला करून दिलेला. त्याच्या सुरुवातीच्या ‘ज्याअर्थी’च्या परिच्छेदांत बहुतेक वेळा जमीनमालकाचं नाव, जुना सर्व्हे नंबर, अकृषिक परवानगीचा क्रमांक आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक-तारीख असते. तो क्रमांक मिळाला की त्या वर्षाचं परवानगी रजिस्टर काढून नोंद पाहता येते. फाईल नसली तरी रजिस्टर बहुधा असतं.

दुसरं, नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हा दप्तर हस्तांतरित झालं असणार. वसई-विरारची महापालिका २००९ मध्ये झाली, पनवेलची २०१६ मध्ये. अशा शहरांत जुनं दप्तर अजूनही जुन्या इमारतीत किंवा एखाद्या प्रभाग कार्यालयाच्या माळ्यावर असतं. मुख्यालयातला अधिकारी फक्त मुख्यालयातच शोधतो. स्कॅनिंगसाठी एजन्सीकडे गेलेल्या फाईलींचंही तेच.

आणि एक विनंती. आमच्या विभागात माणसं कमी आहेत, रोजचे अर्ज, सुनावण्या, साइट व्हिजिट यातून एकाच माणसाला हे सगळं करायचं असतं. प्रत्यक्ष पाहणीला येऊन शेजारी बसणारा अर्जदार आम्हाला खरंच बरा वाटतो, कारण त्याला इमारत माहीत असते.

---

गच्ची_ते_तळमजला

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलेलं वाचून लगेच दोन जुन्या सभासदांकडे करारनामे मागितले. एकांच्या करारनाम्यात खरोखरच परवानगीचा क्रमांक आणि तारीख मिळाली, आणि जमीनमालकाचं नावही. नकाशा जोडलेला होता असं करारात लिहिलंय, पण ते पान त्यांच्या प्रतीत नाही.

दुसऱ्या अपिलाला अजून मुदत आहे, ते करतेच. पण आयोगात वेळ लागतो असं ऐकलंय. मधल्या काळात नवा अर्ज केला तर चालेल का? आणि त्यात नेमकं काय विचारू? दुकानांना परवानगी का दिली, विनापरवाना असतील तर कारवाई का केली नाही, हेही विचारावंसं वाटतं.

---

रुमाल_क्रमांक

क्रमांक मिळाला, हे फार उत्तम झालं.

नवा अर्ज जरूर करा, दुसऱ्या अपिलाला त्याने बाधा येत नाही. पण ‘का दिली’, ‘का केली नाही’ हे प्रश्न गाळा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितलंय की ‘का’चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, जे कागदावर आहे तेवढंच मागता येतं. अशा एका प्रश्नामुळे बाकीचा चांगला अर्जही बाजूला टाकला जातो. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असायला हवा, तेही सांभाळा. कारण लिहायची गरज नाही, कलम ६(२) प्रमाणे ते विचारताही येत नाही.

या वेळी नकाशा मागू नका, नकाशाच्या मागे राहिलेले कागद मागा. मी असा लिहीन :

“विषय : बांधकाम परवानगी अभिलेखांचे वर्गीकरण, जतन व नष्टीकरण. कालावधी : १९८५ ते आजपर्यंत. खालील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात व प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी. (१) विभागास लागू असलेली अभिलेख वर्गीकरण व जतन कालावधीची अनुसूची. (२) परवानगी क्रमांक अमुक, दिनांक अमुक, सर्व्हे नंबर अमुक, जमीनमालक अमुक, याची नोंद असलेले परवानगी नोंदवहीचे पान. (३) सदर फाईल अभिलेख कक्षाकडे पाठवल्याची यादी. (४) नगरपालिकेकडून महापालिकेकडे बांधकाम परवानगीचे दप्तर हस्तांतरित झाल्याच्या याद्या. (५) सदर फाईल अभिलेख कक्षातून बाहेर दिल्याची नोंद. (६) सदर फाईल नष्ट केली असल्यास त्याचा आदेश व नष्टीकरण नोंदवहीतील नोंद. (७) माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर केलेल्या शोधाची टिपणी व पत्रव्यवहार.”

सातवा मुद्दा विसरू नका. कोणी शोधलंच नसेल तर टिपणी नसणार, आणि ‘टिपणी नाही’ हे लेखी मिळालं की दुसऱ्या अपिलात त्याचं वजन मोठं. कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं जन माहिती अधिकाऱ्यावर असतं.

दुसऱ्या अपिलात मागण्याही नेमक्या लिहा. कलम १९(८) खाली आयोग अभिलेख व्यवस्थापनात बदल करायला सांगू शकतो, नुकसानभरपाईही देववू शकतो. कलम २० चा दंड रोजचे अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार. मागितलेली माहिती नष्ट करणं हे त्यातलं एक कारण आहे. तुमचा अर्ज दाखल झाल्यानंतर कोणी ती फाईल काढून टाकली, तर जतनाची मुदत संपली होती असं सांगून चालणार नाही.

आता दुसरी वाट. सरकारी कामात एकच कागद एकाच ठिकाणी कधी नसतो. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा जळालेल्या फाईली पुन्हा उभ्या करायचं काम दुसऱ्या कार्यालयांत असलेल्या प्रतींवरूनच हाती घेतलं गेलं. तुमच्या नकाशाच्याही प्रती गेलेल्या असणार. सगळ्यात आधी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जा. सोसायटी नोंदवताना प्रस्तावाला नकाशा आणि बांधकामाची प्रमाणपत्रं जोडलेली असतात. मग दुय्यम निबंधक कार्यालय : मोफा कायद्याखालच्या (म्हणजे बिल्डरने सदनिका विकण्याबाबतचा राज्याचा १९६३ चा कायदा) करारनाम्याला नकाशे जोडावे लागायचे, तुमच्या सभासदाच्या प्रतीतून गळालेलं पान तिथल्या प्रतीत असू शकतं. महापालिकेचाच मालमत्ता कर विभाग : पहिली आकारणी झाली तेव्हा तळमजल्यावर ‘दुकान’ लिहिलंय की काहीच नाही, आणि दुकानांची आकारणी कोणत्या वर्षापासून सुरू झाली, हे आकारणी नोंदवहीत मिळेल. तुमच्या वादात ही एक नोंद नकाशाच्या खालोखाल मोलाची आहे. पाणीपुरवठ्याची नळजोडणीची फाईल. जिल्हाधिकारी कार्यालयातली अकृषिक परवानगीची फाईल. जागा मोठी असली तर नागरी जमीन कमाल धारणेची फाईल. तो कायदा आपल्याकडे २००७ मध्ये रद्द झाला, पण कागद रद्द झालेले नाहीत. आणि ज्यांनी तेव्हा गृहकर्ज घेतलं होतं, त्यांच्या बँकेची फाईल.

प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, त्याच परवानगी क्रमांकासह.

---

सीसीटीव्हीवाला

ताईंच्या धाग्यात थोडं विषयांतर, पण मुदतीचा मुद्दा निघालाय म्हणून. आमच्या चौकात अपघात झाला होता, महापालिकेच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण हवं होतं. अर्ज करेपर्यंत त्यावर नवं चित्रीकरण चढलं होतं. असे कागद किंवा फिती कमी मुदतीच्या असतात, त्यासाठी काही वेगळी वाट आहे का?

---

रुमाल_क्रमांक

आहे. चित्रीकरण हवं असेल तर त्याच दिवशी महापालिकेला आणि पोलीस ठाण्याला साधं पत्र द्या : अमुक ठिकाण, अमुक वेळ, हे चित्रीकरण जपून ठेवावं, आणि पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज त्याच्याच सोबत, तीस दिवसांची वाट त्यानंतर बघा. हे सगळं एकाच भेटीत उरकायचं. पोच असली की नंतर ‘मुदत संपली होती’ म्हणायला जागा राहत नाही.

---

गच्ची_ते_तळमजला

थोडं पुढे सरकलंय, म्हणून लिहिते.

दुसरं अपील दाखल केलं, नवा अर्जही दिला. सोमवारी पाहणीलाही गेले. तिथल्या एका लिपिक ताईंनी खूप मदत केली. परवानगी क्रमांक दिल्यावर १९८६ चं रजिस्टर काढून दिलं, आणि नोंद सापडली! जमीनमालकाच्या नावाने, सर्व्हे नंबरसह. शेराच्या रकान्यात लिहिलंय, ‘तळमजला खांबांवर + ४ मजले, निवासी’. पान उतरवून घेऊन मी साक्षांकित प्रत मागितली आहे.

उपनिबंधकांकडच्या फाईलीत नकाशाची छायाप्रत मिळाली. निळसर, घडीवर फाटलेली, पण शिक्का आणि परवानगी क्रमांक वाचता येतो, आणि तोच क्रमांक आहे. त्यात तळमजल्यावर खांबच दाखवलेत. सुधारित नकाशा झाला होता का ते अजून कळलेलं नाही, त्यामुळे दुकानदारांशी बोलताना मी काहीच ठाम बोललेले नाही.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. उपनिबंधकांकडून मिळालेली साक्षांकित प्रत महापालिकेपुढे चालेल का? आणि सुधारित नकाशा झालाच नव्हता हे दाखवायचं कसं?

---

रुमाल_क्रमांक

ताई, फार आनंद झाला. रजिस्टरातली ती नोंद मिळवणं हे अर्धं काम झालं.

उपनिबंधकांची साक्षांकित प्रत एवढंच सांगते की असा कागद त्यांच्या दप्तरात आहे. मूळ मंजुरी दिल्याचा दाखला महापालिकाच देऊ शकते. पण ती प्रत आणि रजिस्टरातली नोंद एकमेकांशी जुळते, म्हणून तिचं मोल मोठं आहे. दोन्ही जोडून आयुक्तांच्या नावे वेगळं पत्र द्या (माहिती अधिकाराचा अर्ज नव्हे, साधं पत्र) की या आधारे महापालिकेने आपली फाईल पुन्हा तयार करावी. त्याची प्रत दुसऱ्या अपिलात पुरवणी म्हणून आयोगाकडे पाठवा.

सुधारित नकाशासाठी १९८६ पासून भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंतच्या प्रत्येक वर्षाचं परवानगी रजिस्टर बघावं लागेल. त्याच सर्व्हे नंबरावर दुसरी नोंद आहे का ते शोधायचं. ज्या वर्षांची रजिस्टरं दाखवली त्यांची यादी लिपिक ताईंच्या सहीने घ्या. कुठल्या वर्षाचं रजिस्टर नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असं त्याच यादीत लिहून घ्या. तेव्हाच्या घेणाऱ्यांच्या संमतीशिवाय नकाशा बदलायला मोफाच्या कलम ७ ची आडकाठी होती, म्हणून जुन्या सभासदांपैकी कोणी संमतीपत्रावर सही केली होती का, हेही विचारून ठेवा. दुकानदारांशी सबुरीने बोलताय ते योग्यच आहे. त्यांच्या करारनाम्यांच्या तारखाही मागून घ्या. त्या भोगवटा प्रमाणपत्राच्या आधीच्या आहेत की नंतरच्या, यावर पुढचं बरंच अवलंबून राहील.

रजिस्टरच्या पानाची प्रत दोन रुपयांत मिळते. तीन-चार प्रती घेऊन ठेवा.